पोर्ट्रेटमधले डोळे: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात बरीच वर्षं माणसांचे फोटो काढतोय, नव्या मुलांना शिकवतोही. स्टुडिओच्या काउंटरवर, लग्नाच्या मांडवात आणि व्हॉट्सॲपवर लोक जे विचारतात, त्यातले निम्मे प्रश्न फिरून डोळ्यांपाशीच येतात. तेच इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चेहरा चांगला आला की झालं ना? डोळ्यांचं एवढं काय?

फोटो हातात घेतला की बघणाऱ्याची नजर आधी डोळ्यांवर जाते, मग चेहऱ्यावर फिरते आणि परत डोळ्यांवर येते. माणसाच्या डोळ्यात बुबुळाभोवतीचा पांढरा भाग भरपूर दिसतो, म्हणून समोरचा कुठे बघतोय हे लांबूनही कळतं. जन्मून दोन-चार दिवस झालेलं बाळसुद्धा आपल्याकडे बघणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतं. साडीचा काठ जरा मऊ आला, कान फोकसबाहेर गेला, तर कोणी तक्रार करत नाही. डोळा गेला की फोटो गेला.

गणपतीच्या कारखान्यात माती, रंग, दागिने सगळं झाल्यावर शेवटी डोळ्यांची आखणी होते, आणि तिला कारखान्यातला जाणता हातच बसतो. आखणी होईपर्यंत समोर मूर्तीचं काम असतं. डोळे उघडले की आपण नकळत हात जोडतो. फोटोत क्रम उलटा ठेवायचा. डोळ्यांत उजेड कुठून येणार हे आधी ठरवायचं, मगच कॅमेरा उचलायचा.

२. फोकस नेमका कुठे करू? आणि कुठल्या डोळ्यावर?

कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर, आणि तोही पापणीच्या केसांवर नाही, बुबुळावर.

किती काटेकोर राहायचं ते आकड्यांवरून कळेल. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) एफ १.८ आणि माणूस दीड मीटरवर असेल, तर धारदार येणारा पट्टा जेमतेम ३ सेंटिमीटर खोल असतो. नाकाचा शेंडा आणि डोळा यांच्यातलं अंतरच जवळपास तेवढं भरतं. चेहरा थोडा वळला की दुसरा डोळा पट्ट्याबाहेर. एफ ४ ला हीच खोली साधारण सात सेंटिमीटर होते आणि दोन्ही डोळे त्यात आरामात बसतात. मागचं धूसर हवं म्हणून पुष्कळजण एफ १.८ सोडायला तयार नसतात. माणसाला भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे आणा, एफ ४ लाही मागचं छान विरघळतं.

मोबाइलवर स्क्रीनवरच्या डोळ्यावर बोट ठेवा आणि दाबून धरा, म्हणजे फोकस तिथेच अडकतो. त्याआधी लेन्स पुसा. खिशातल्या मोबाइलच्या लेन्सवर बोटांचं तेल असतंच. डोळ्यांवर जी धुरकट साय दिसते ती बऱ्याच वेळा त्याचीच असते.

३. माझ्या कॅमेऱ्यात आय ऑटोफोकस (डोळा स्वतःच शोधून फोकस करण्याची सोय) आहे. चौकोन डोळ्यावर दिसतो, तरी डोळा मऊ का येतो?

आधी शटर स्पीड बघा. १/६० ला, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाला, फोकस बरोबर असला तरी माणूस हलतो. मोठ्या माणसाला १/२००, मुलांना त्याहून जास्त ठेवा. मग चौकोन कुठल्या डोळ्यावर आहे ते बघा; कॅमेरा कधीकधी लांबचा डोळा पकडतो. बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत डावा की उजवा हे ठरवता येतं. तिसरं कारण चष्म्याची जाड कडा, कपाळावरची बट किंवा नवरीच्या मुंडावळ्या. यातलं काहीही डोळ्यासमोर लोंबत असेल तर फोकस त्यावर जातो. अशा वेळी साधा एकच फोकस पॉइंट वापरा, जास्त भरवशाचा आहे.

४. चांगल्या फोटोत डोळ्यात एक पांढरा ठिपका चमकतो, तो माझ्या फोटोत का येत नाही?

त्याला कॅचलाइट म्हणतात. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा ओला आणि फुगीर असतो, म्हणजे छोटा आरसाच. समोर खिडकी, आभाळ किंवा दिवा, जे काही उजळ असेल त्याचं प्रतिबिंब त्यात पडतं. तुमच्या फोटोत ते नाही म्हणजे माणसासमोर उजळ असं काही नव्हतं, किंवा उजेड इतका वरून येत होता की भुवईखालच्या हाडाने तो अडवला. माणूस हसत असला तरी डोळे विझल्यासारखे दिसतात ते यामुळे.

आपल्याला या ठिपक्याची गरज जास्तच आहे. इंटरनेटवरचे पुष्कळ धडे निळ्या-हिरव्या डोळ्यांवर बेतलेले असतात. तिथे बुबुळाचा रंगच लक्ष वेधतो. आपल्याकडे बहुतेकांचे डोळे गडद तपकिरी, आणि खोलीतल्या मंद उजेडात बाहुली, म्हणजे बुबुळाच्या मधलं काळं छिद्र, मोठी होऊन बुबुळ आणि बाहुली मिळून एकच काळा गोल दिसतो. अंधारात बाहुली ८ मिमीपर्यंत उघडते, लख्ख उजेडात २ ते ४ मिमीवर येते. म्हणून त्याच माणसाला खिडकीजवळ आणा. बाहुली आवळते, तिच्याभोवतीचा तपकिरी रंग बाहेर येतो, आणि वर आभाळाचा तुकडा चमकतो.

एकदा विडी वळणाऱ्या एका मावशींचा फोटो त्यांच्या दारातच काढला. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, तोंड गल्लीकडे. वरचा दिवा मी बंद करायला सांगितला. "अंधारात कसला फोटो काढताय ओ?" असं त्यांनी विचारलंही. घरी येऊन तो फोटो मोठा केला तर बुबुळात दाराची उभी चौकट होती, चौकटीत पांढरं आभाळ, समोरच्या घराच्या पत्र्याची तिरकी रेघ आणि खाली मोहरीएवढा मी. भोवती बुबुळाचा रंग ओल्या चिंचोक्यासारखा. चाळीस वर्षं ज्या गल्लीकडे बघत त्यांनी विड्या वळल्या, ती गल्ली त्यांच्या डोळ्यात होती.

ठिपका घड्याळातल्या १० किंवा २ च्या जागी आला की स्वाभाविक वाटतो, कारण आपल्याला उजेड वरून आणि जरा बाजूने येण्याची सवय आहे. शिकायचं असेल तर आवडलेला कुठलाही पोर्ट्रेट मोठा करा आणि बुबुळात बघा. दिवा किती, कुठे, चौकोनी की गोल, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

५. किल्ल्यात किंवा तळ्याकाठी दुपारी फोटो काढले की डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. काय करायचं?

शक्यतो त्या वेळी काढूच नका. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस होतो. जमिनीवरची सावली पायाखाली जाते, पण चेहऱ्यावरची सगळी डोळ्यांच्या खोबणीत साठते. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर या, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. ऊन चाळिशीच्या पुढे गेलेलं असताना घामेजलेल्या, त्रासलेल्या माणसाच्या डोळ्यांत दुसरं काही येणारही नाही.

दुपारीच काढायचा असेल तर सावली शोधा, पण सावलीची कड शोधा. ओसरी, दाराचा उंबरठा, कमान. माणसाला कडेपासून हातभर आत उभं करा, तोंड बाहेरच्या आभाळाकडे. अगदी आत नेलं तर डोळे पुन्हा विझतात. झाडाखाली उभं करताना वर बघा. लिंबाच्या पानांतून उन्हाचे कवडसे पडतात, आणि एका डोळ्यावर कवडसा नि दुसऱ्यावर सावली असा फोटो कशानेच सुधारत नाही.

भुईकोट किल्ल्याच्या काळ्या दगडाचा मुलांना मोह पडतो. पार्श्वभूमी म्हणून तो उत्तमच. पण काळा दगड उजेड पिऊन टाकतो, डोळ्यांकडे काही परत पाठवत नाही. म्हणून भिंत माणसाच्या पाठीशी आणि मोकळं आभाळ तोंडासमोर ठेवा. पाण्याचं उलट. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर ऊन पाण्यावरून खालून वर येतं आणि खोबणीतली सावली आपोआप उचलली जाते.

६. उन्हात उभं केलं की सगळेच डोळे बारीक करतात.

सूर्य पाठीमागे घ्या. ते जमत नसेल तर डोळे मिटायला सांगा, तुम्ही तयार व्हा, तीन म्हणताच उघडायला सांगा. पहिल्या सेकंदात एक-दोन फोटो बरे मिळतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यावर मात्र हा प्रयोग करू नका, त्यांना सरळ सावलीत घ्या.

७. रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा पांढरा किंवा चंदेरी पडदा) घ्यायलाच हवा का?

सोलापुरात राहून तर मुळीच नको. घरातला मोठा पांढरा टेरी टॉवेल काढा. बसलेल्या माणसाच्या मांडीवर, फोटोत येणार नाही असा पसरा. हनुवटीखालची आणि डोळ्यांखालची सावली फिकी होते, बुबुळाचा खालचा भाग उजळतो. उभ्या माणसाला दोघांनी पांढरी चादर धरून कंबरेच्या उंचीवर तिरकी द्या. पांढरीच हं. आपली नेहमीची नक्षीची सोलापुरी चादर सुंदर असते, पण लाल चादर गळ्यावर आणि डोळ्यांच्या पांढऱ्यावर लाल रंग फेकते, मग माणूस रडून आल्यासारखा दिसतो. थर्माकोलचा ताव असेल तर तोही चालतो. चंदेरी रिफ्लेक्टर कडक उन्हात कोणाच्या डोळ्यांवर मारू नका, त्रास होतो आणि प्रश्न ६ मधली अडचण वाढते.

खालून येणारा उजेड वरच्यापेक्षा मंद राहू द्या. तो जास्त झाला तर चेहरा भुतासारखा दिसतो.

८. रिंग लाइट चांगला की वाईट?

बुबुळात बांगडीसारखं पांढरं कडं येतं. मेकअपच्या व्हिडिओला ठीक. साठीच्या आजोबांच्या डोळ्यात ती बांगडी मला बघवत नाही. तोच दिवा कॅमेऱ्याभोवती न ठेवता बाजूला आणि उंचावर ठेवून, पुढे पातळ पांढरं कापड धरा, तो कामाचा होतो.

९. चष्म्यात दिवा चमकतो आणि डोळे दिसत नाहीत. चष्मा काढायला सांगू का?

नाही. तीस वर्षं चष्मा लावणाऱ्या माणसाचा चष्मा काढला तर नाकावर दोन खळ्या दिसतात, डोळे भांबावतात, आणि घरच्यांना तो माणूस ओळखीचा वाटत नाही.

काचेवर उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात तो परततो. म्हणजे काम एवढंच की परतणारा उजेड कॅमेऱ्यात येऊ द्यायचा नाही. दिवा आणखी उंच आणि आणखी बाजूला न्या. तरी चमकला तर कानावरच्या काड्या हलकेच वर उचला, केसांत लपेल इतक्याच. काच खाली झुकते आणि चमक निसटते. हनुवटी किंचित खाली घेतली तरी तोच परिणाम होतो, फक्त चष्म्याची वरची कड बुबुळावर आडवी येत नाही ना ते बघा. खिडकीशी बसलेल्या माणसाचं तोंड थोडं थोडं वळवत जा, एका जागी काच एकदम स्वच्छ होते. तिथेच थांबा.

दोन गोष्टी सहसा लक्षात येत नाहीत. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा सावलीत आल्यावर लगेच पांढऱ्या होत नाहीत, त्या काही मिनिटं घेतात. माणसाला आधी घरात बसवा, चहा होऊ द्या. आणि जास्त उणे नंबरच्या काचेमागे डोळे लहान दिसतात, गालाची कड आत सरकल्यासारखी दिसते. अशा माणसाचा चेहरा फार वळवू नका, समोरून काढा.

पासपोर्ट किंवा सरकारी अर्जाचा फोटो हा अपवाद. तिथे डोळे उघडे आणि स्पष्ट हवेत, सावली नको, लाल ठिपका नको, काचेची चमक नको. चष्म्याबद्दलचे नियम बदलत असतात, म्हणून त्या अर्जावरची ताजी सूचना वाचूनच काढा.

१०. माणसाने कॅमेऱ्याकडेच बघायला हवं का?

तसं काही नाही. तुम्हाला काय दाखवायचंय त्यावर ठरतं.

थेट नजरेची ताकद बघायची तर स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत काढलेला शरबत गुला या अफगाण मुलीचा फोटो बघा. जून १९८५ मध्ये तो नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. त्यात डोळ्यांवरून नजर हटू शकेल असं दुसरं काही नाहीच. २००२ मध्ये ती पुन्हा सापडली तेव्हा ओळख पटवायला तिच्या बुबुळांची त्या जुन्या फोटोशी तुलना केली होती. फोटोतले डोळे इतके नेमके आले होते.

आता आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत या. जानेवारीत सात नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेला माणूस तो उंच ध्वज पेलून चालतो. त्याला "इकडे बघा" म्हणायचं पाप कोणी करू नये. त्याचं सगळं लक्ष तोलावर असतं आणि तोच तुमचा फोटो आहे. यंत्रमागावरच्या कामगाराचंही तसंच. त्याची नजर ताण्यावर फिरत असते, एक धागा तुटला की त्याला आधी दिसतं. ती शोधणारी नजर कॅमेऱ्याकडे वळवली तर ती जाते आणि फोटोसाठी उभा राहिलेला माणूस उरतो. शिवाय मागांच्या खडखडाटात तुमचं बोलणं ऐकूही येत नाही.

नजर दुसरीकडे असेल तर दोन पथ्यं पाळा. नजर ज्या बाजूला आहे तिकडे फोटोत मोकळी जागा ठेवा. आणि बुबुळ डोळ्याच्या कोपऱ्यात जाऊ देऊ नका. नुसती नजर वळली की पांढराच भाग दिसतो, माणूस चोरून बघतोय असं वाटतं. नाकही नजरेबरोबर थोडं वळवायला सांगा.

११. "स्माइल" म्हटलं की ओठ हसतात, डोळे हसत नाहीत.

कारण सांगून येणारं हसू ओठांपुरतंच असतं. ग्योम दुशेन या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्येच दाखवलं होतं की मनापासूनच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आवळतो, आणि तो बहुतेकांना ठरवून आवळता येत नाही. गाल वर चढतात, डोळ्याच्या कडेला सुरकुत्या पडतात, डोळे जरा बारीक होतात. या सुरकुत्या एडिटिंगमध्ये पुसणारे लोक हसूच पुसून टाकतात.

सांगू नका, बोला. आणि त्यांच्या घरच्या भाषेत बोला. सोलापुरात ही सोय आहे. पद्मशाली घरातल्या आजींना "इटु चूडंडि" म्हणा, अक्कलकोट बाजूच्या कानडी अण्णांना "इल्ली नोड्री" म्हणा. तुमचं तेलुगू-कानडी मोडकं असलं तरी चालेल. मराठीत "इकडे बघा" म्हटल्यावर जे डोळे कॅमेऱ्याकडे बघतात, ते आपल्या भाषेतला शब्द कानावर पडला की तुमच्याकडे बघतात. तो फरक फोटोत येतो. हा अनुभव मी इतक्यांदा घेतलाय की फोटोआधी घरात कुठली भाषा बोलता हे विचारणं आता माझ्या कामाचा भाग आहे.

१२. ग्रुप फोटोत कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. किती फोटो काढावेत?

याचं उत्तर गणिताने काढलेलं आहे. माणूस मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा पापण्या मिटतो. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी यावर हिशोब मांडला आणि २००६ चं गणिताचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं बक्षीस) त्यांना मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. पंधरा जण असतील तर उजेडात पाच फोटो, मांडवातल्या पिवळ्या दिव्यांत आठ.

शाळेचा पन्नास मुलांचा वर्ग असेल तर हा हिशोब पुरत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून दहा-बारा फोटो काढा, आणि मिटलेले डोळे त्याच मुलाच्या दुसऱ्या फोटोतून घ्या. याची मर्यादा कुठे ते प्रश्न २० मध्ये आहे.

१३. रात्रीच्या फोटोत डोळे लाल का होतात?

अंधारात बाहुल्या मोठ्या असतात. फ्लॅश लेन्सला लागूनच असेल तर त्याचा उजेड सरळ आत जातो, डोळ्याच्या मागच्या रक्ताने भरलेल्या थरावरून परततो आणि सरळ लेन्समध्ये येतो. फ्लॅश लेन्सपासून लांब न्या किंवा छताकडे वळवून मारा. खोलीतले दिवे लावा, म्हणजे बाहुल्या लहान होतील. काही कॅमेरे आधी दोन-तीन छोटे फ्लॅश मारतात ते यासाठीच. त्या वेळात लोक फोटो झाला समजून हलतात, म्हणून आधी सांगून ठेवा.

१४. बाळाच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा दिसतोय. कॅमेऱ्याची चूक आहे का?

असू शकते, पण तसं गृहीत धरू नका. या पानावरचं हे सर्वात महत्त्वाचं उत्तर आहे.

बाळ एका विशिष्ट कोनात बाजूला बघत असेल तर फ्लॅशचा उजेड डोळ्यातली नस जिथून निघते त्या फिकट जागेवर पडतो, आणि निरोगी डोळाही पांढरा चमकतो. पण बाळ सरळ बघत असतानाही तोच डोळा पांढरा किंवा पिवळसर दिसत असेल, वेगवेगळ्या फोटोंत पुन्हा दिसत असेल, तर ते फोटो घेऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. लहान मुलांचा मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याच्या पडद्याचे इतर आजार असू शकतात, आणि रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोगही असू शकतो. तो बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो आणि लवकर कळला तर चांगले उपचार आहेत. अनेक घरांत पहिली शंका फोटोवरूनच आलेली आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती: वाढदिवसाचा अल्बम करताना असा पांढरा ठिपका दिसला तर सवयीने काळा करून पुढे जाऊ नका. आधी आईवडिलांना फोन करा.

कॅचलाइट दोन्ही डोळ्यांत वेगवेगळ्या जागी पडत असेल तर तिरळेपणाची शंका घ्यायला जागा असते. नाकाजवळच्या कातडीमुळे पुष्कळ बाळं नुसती तिरळी भासतात, पण तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

१५. पोळ्याला बैलासोबत फोटो काढला, बैलाचे डोळे हिरवे आले!

बैलाच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा थर असतो, रात्री कमी उजेडात दिसावं म्हणून. फ्लॅश त्यावरून परततो. मोबाइलमधलं लाल डोळे घालवायचं बटण इथे चालत नाही. फ्लॅश बंद करा, दिवस असताना काढा.

१६. एक डोळा लहान आहे, किंवा थोडा तिरळा आहे. लपवायचा कसा?

आधी त्या माणसाला हवंय का ते विचारा, आणि एकट्यात विचारा, चार नातेवाइकांसमोर नाही. दोन डोळे तंतोतंत सारखे कोणाचेच नसतात. लहान डोळा कॅमेऱ्याच्या जवळ येईल असा चेहरा वळवला तर फरक बराच मिटतो, कारण जवळची वस्तू मोठी दिसते. पापणी उतरलेली असेल तर हनुवटी किंचित वर घ्या. तिरळेपणात कुठल्या बाजूला बघितलं की डोळे सरळ दिसतात हे त्या माणसाला स्वतःला नेमकं ठाऊक असतं. त्यालाच विचारा.

लग्नाच्या बायोडेटाचा फोटो असेल तर माझं ठाम मत आहे, लपवू नका. बघायला येणारी माणसं समोर बसणारच आहेत.

१७. आजींना मोतीबिंदू आहे, किंवा माणसाला दिसतच नाही. डोळे दाखवावेत का?

त्या व्यक्तीची हरकत नसेल तर जरूर. बाजूच्या मऊ उजेडात मोतीबिंदूचा राखाडी रंग सुंदर दिसतो, आणि फ्लॅशची इथे काही गरजच नाही. ऑपरेशन होऊन कृत्रिम भिंग बसवलेलं असेल तर फ्लॅशमध्ये बाहुलीत वेगळीच काचेसारखी चमक येते. ती दोष नाही, पण नको असेल तर दिवा बाजूला न्या.

ज्यांना दिसत नाही त्यांना "इकडे बघा" म्हणू नका. त्यांच्याशी बोलत राहा, तुमच्या आवाजाकडे चेहरा आपोआप वळतो. मी काय करतोय, दिवा कुठे आहे, आता किती जवळ येतोय, हे प्रत्येक वेळी सांगा. काळा चष्मा घालायचा की नाही हा निर्णय त्यांचा. अशा चेहऱ्यावर ऐकण्याची जी एकाग्रता येते, तिची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही.

१८. काजळ आणि रंगीत लेन्स?

काजळ जरूर, पण बेताने. खालच्या पापणीच्या आत जाड रेघ ओढली की डोळा लहान दिसतो. मे महिन्यातल्या लग्नात घामाने ते खाली उतरतं, म्हणून दर अर्ध्या तासाने करवलीला टिपायला सांगा. रंगीत लेन्समुळे बुबुळावर छापील नक्षी येते, जवळच्या फोटोत ती ओळखू येते. मला विचाराल तर नको.

१९. एडिटिंगमध्ये डोळ्यांचं किती करावं?

झोप न झाल्याने किंवा धुळीने आलेला लालपणा कमी करा, तो उद्या जाणारच आहे. बुबुळ किंचित उजळा. इथे थांबा. डोळ्यातलं पांढरं खरं तर पांढरं नसतं. पापणीची सावली पडल्याने वरचा भाग करडा असतो, आणि ती सावली पुसली की डोळा चपटा दिसतो. नसलेला कॅचलाइट रंगवू नका, जागा बदलून परत काढा (प्रश्न ४). डोळे मोठे करणारे फिल्टर तर नकोच. गल्लीतल्या दहा मुलींचे फोटो पाहिले तर सगळ्यांना एकाच घरचे डोळे.

२०. वडील गेले. फ्रेमसाठी एकच बरा फोटो आहे, पण त्यात डोळे मिटलेले आहेत. उघडता येतील का?

त्यांचा दुसरा फोटो असेल तर येतील. साधारण त्याच वयाचा, चेहरा त्याच बाजूला वळलेला, उजेडही त्याच बाजूचा. लग्नाची कॅसेट, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, नातवाच्या बारशाचा अल्बम, सगळं काढा. फोटो लहान असला तरी चालेल. काहीच मिळालं नाही तर मिटलेल्या डोळ्यांचाच फोटो ठेवा, किंवा खाली बघत असलेला. कॉम्प्युटर हल्ली पाहिजे तसे डोळे बनवून देतो, पण ते कोणाचे असतात? ज्या फोटोला रोज सकाळी हार घालायचा, उदबत्ती लावायची, तिथे परक्याची नजर नको.

एक मुलगा असाच आला होता. वडील गिरणीत होते. त्याने मोबाइलवर डोळे उघडून आणले होते, काम अगदी सफाईचं होतं. सोबत आई होती. तिने फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि "हे नव्हेत" एवढंच म्हणाली. मग घरी जाऊन तिने ट्रंकेतून गिरणीचं जुनं ओळखपत्र आणलं. त्यावर नखाएवढा काळापांढरा फोटो, एका कोपऱ्यावर शिक्क्याची शाई आलेली. तो स्कॅन करून मोठा केला. डावा डोळा उजव्यापेक्षा जरा बारीक होता. मोबाइलने तो सारखा करून टाकला होता. मी काही बोलायच्या आत आईने स्क्रीनवर बोट ठेवलं, बरोबर त्या डाव्या डोळ्यावर.